दर शंभर मिलीला

रात्री अडीचला, हाचिनोहेच्या धक्क्यावर,
मी यंत्राचं पोट उघडतो.
वरच्या दोन रांगा निळ्या, गार. खालची लाल,
तिच्यात पंचावन्न अंशांवर
दूध-कॉफीच्या बाटल्या, खुराड्यातल्या अंड्यांसारख्या.
बाहेर उणे सात.
हातमोजे काढून एक बाटली नुसती धरायची,
हे माझं पहिलं काम. नोंदवहीत त्याला रकाना नाही.

पोचा आलेली बाटली विकायची नाही, असा नियम.
फेकून द्यायची, असाही नियम.
दुसरा नियम मी एकोणीस वर्षं पोटात फेकत आलो,
रात्रीला तीन.

कियोएला त्या सापडल्या ट्रकमध्ये, सीटखाली, रिकाम्या.
ती बोलली नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि लेबल वाचलं, पोरांच्या वह्या तपासायची तसं,
सगळ्यात आधी शेवटची बारीक ओळ.
तीस वर्षं तिनं सोरोबान शिकवला.
पाटी आता कपाटात आहे
पण बोटं अजून हवेत मणी सरकवतात,
भाजीच्या दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर,
एकदा तर माझ्या आईच्या अंत्यविधीला,
पाकिटं उघडायच्या आधीच.

"साखर कुठाय?"
साखर नव्हती लेबलावर. कर्बोदकं होती,
आठ पूर्णांक आठ ग्रॅम.
"दर शंभर मिलीला," मी म्हणालो, जरा ऐटीतच.
"आणि बाटली केवढी?"
मी बाटली फिरवली. पाचशे.
तिची बोटं हलली. चव्वेचाळीस.
आणि तीन बाटल्या. एकशे बत्तीस.
कॅफीन छत्तीस; पाच वेळा, एकशे ऐंशी;
तिप्पट केलं की पाचशे चाळीस मिलिग्रॅम.
"म्हणून तू दिवसा छताशी गप्पा मारतोस."

"पाचानं गुणायचं तेवढं
गिऱ्हाइकावर सोडलंय त्यांनी," ती म्हणाली.
रागानं नाही. हुशार पोरानं आकडा बरोबर लिहून
एककात गडबड केली की व्हायचा
तसा तिचा चेहरा झाला.
मग बाटल्या विसळल्या, झाकणं काढली, लेबलं सोलली,
आणि सगळं बुधवारच्या कचऱ्यात, वेगवेगळं.

एक फेब्रुवारी मी नुसता हात शेकत काढला.
डोकं दुखलं. चौथ्या दिवशी
रस्त्यावरचं बर्फ जांभई देताना दिसलं.
मग झोप आली, खरी, दुपारी, तोंड उघडं टाकून.

काल माकुळांच्या होडीवरचा वार्तोनो आला,
तेगलचा पोरगा, कानटोपीत अर्धा चेहरा.
नाणी टाकली, लाल बटण, धप्प. पुन्हा नाणी, धप्प.
एक बाटली उजव्या खिशात, एक तोंडाला.
रोज बघतो मी त्याला. रोज दोन.
मला सांगायचं होतं. त्याची भाषा मला येत नाही,
माझी त्याला "थंडी" आणि "दोर ओढ" एवढीच येते.
मी लेबलावर बोट ठेवलं. शंभर.
मग बाटलीवर खालपासून वरपर्यंत.
मग पंजा उघडून दाखवला: पाच.
पाच, रे. पाचानं.

तो माझ्या पंज्याकडे बघत राहिला,
बोटांच्या भेगांकडे, निळ्या नखांकडे.
मग हसला, खिशातली गरम बाटली काढली
आणि माझ्या उघड्या पंज्यात ठेवून
बोटं एकेक करून मिटवली.

काय करणार? प्यालो. त्याच्यासमोरच.
अर्धी. गोड होती,
विसरलोच होतो किती.

घरी आल्यावर कियोएला सांगितलं, अडीचशे मिली.
तिचा हात उठला, बोटं थरथरली,
आणि मणी न सरकवताच खाली आली.
"कुणी दिली?" तिनं विचारलं.